आजोबांची बंदूक विकता येईल, भिंतीवरचा गवा विकता येणार नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं जुनं घर. आजोबा जाऊन दोन महिने झाले. माजघरात गव्याचं मुंडकं, बिबट्याचं डोक्यासकट कातडं आणि सांबराच्या शिंगांची जोडी. कपाटात दोन हत्यारं: एक इंग्रजी दुनळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) आणि एक बोल्टची रायफल, जिला गावात सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणतात. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एकनळी आधीच आहे. नातू पुण्यात नोकरीला. गोव्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घर बघून गेला आणि सगळ्याचे मिळून एकगठ्ठा सव्वादोन लाख रोख देतो म्हणाला. हा भाव बरोबर आहे का, की आणखी मिळतील?

बेळगावात बंदुकांची विक्री-दुरुस्ती हाच आमच्या घरचा धंदा, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी वरचेवर ऐकतो. उत्तर देण्याआधी त्या सव्वादोन लाखांची फोड करू. मुंडकं, कातडं आणि शिंगं यांची कायदेशीर किंमत शून्य. थोडी नाही, कमी नाही, शून्य. बंदुकांना किंमत आहे, आणि ती या माणसाने सांगितली तिच्यापेक्षा जास्तही असू शकेल. पण हे दोन्ही एका गठ्ठ्यात बांधून विकलंत, तर ज्याला किंमत आहे तेही हातचं जाईल आणि वर केस लागेल. तेव्हा त्या व्यापाऱ्याला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. ‘बघू, कळवतो’ असंसुद्धा म्हणू नका. कातडं घेणारं गिऱ्हाईक म्हणून वनखात्याची किंवा सीआयडीच्या फॉरेस्ट सेलची माणसं येतात, आणि विकायला नुसती तयारी दाखवणं हाही गुन्हाच आहे.

आता घाई कशाची आहे ते सांगतो, कारण तुमच्याकडे फार तर महिनाभर उरलाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००३ पासून अशी तरतूद आहे की मालकी प्रमाणपत्र असलेली ट्रॉफी, म्हणजे मुंडकं, कातडं, शिंग असा प्राण्याचा जपलेला भाग, फक्त वारसानेच पुढच्या पिढीकडे जाऊ शकते, आणि वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे तसं लेखी जाहीर करायचं. विकणं नाही, बक्षीस देणं नाही, जावयाला लग्नात देणं नाही, हॉटेलवाल्याला भाड्याने देणंही नाही. ते अधिकारी बेंगळुरूला अरण्य भवनात बसतात, पण अर्ज आपल्या बेळगावच्या उपवनसंरक्षकांच्या ऑफिसातून वर जातो. पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये दिलात तर फाईल लवकर हलते, हा व्यवहार झाला. भाषेचा वाद तिथे काउंटरवर घालून काही साधत नाही.

सगळं अडतं ते त्या प्रमाणपत्रावर. तुमच्या आजोबांच्या काळातले कागद तीन राज्यांच्या नावांनी निघालेले असतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. तेव्हाचे शिकारीचे परवाने मुंबईच्या १९५१ च्या वन्य प्राणी-पक्षी संरक्षण कायद्याखालचे. मग म्हैसूर राज्य आलं, १९७३ पासून कर्नाटक. ट्रंकेच्या तळाशी सापडतं ते बहुतेक वेळा मुंबई राज्याचं शिकार परवान्याचं पुस्तक असतं, आणि घरचे ते नाचवत आणतात: ‘हे बघा, आजोबांनी रीतसर मारलाय.’ मारला असेल रीतसर. पण शिकारीचा परवाना म्हणजे मालकी प्रमाणपत्र नव्हे. तुम्हाला हवाय तो १९७२ च्या कायद्याखाली वनखात्याने दिलेला दाखला. त्यात प्रत्येक नगाचं वर्णन, माप आणि ओळखखूण असते. मुंडक्याच्या लाकडी फळीच्या मागे किंवा कातड्याच्या अस्तराच्या कोपऱ्यात तीच खूण कुठेतरी मारलेली असायची. फळी उतरवा आणि मागची बाजू बघा.

मागे म्हैसूरच्या ‘व्हॅन इंगन अँड व्हॅन इंगन’ची चिठ्ठी सापडली तर जपून ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९९९ पर्यंत चाललेला हा मुंडकी भरण्याचा कारखाना. संस्थानिकांपासून आपल्याकडच्या इनामदारांपर्यंत सगळ्यांचा माल तिकडेच जायचा. आत कागदाच्या लगद्याचा पोकळ साचा, वर ताणून बसवलेलं कातडं. म्हणून त्यांचं मुंडकं आकाराच्या मानाने हलकं लागतं. ही चिठ्ठी वस्तू जुनी असल्याचा पुरावा म्हणून अर्जाला जोडता येते. मात्र चिठ्ठीने वस्तू कायदेशीर होत नाही. आणि एक गंमत: याच कारखान्याची मुंडकी इंग्लंडच्या लिलावात चांगल्या पैशाला जातात, ते आकडे इंटरनेटवर दिसतात, आणि पुण्या-मुंबईची नातवंडं त्याला शंभराने गुणून बसतात. तिकडे १९४७ पूर्वीच्या जुन्या वस्तूंना वेगळा नियम आहे. इथून वन्यप्राण्याचा भाग बाहेर पाठवायला बंदी आहे. तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

प्रमाणपत्र सापडलं आणि वस्तू ठेवायची असेल, तर नव्वद दिवसांचा अर्ज, सोबत मृत्यू दाखला, नाडकचेरीतून, म्हणजे गावाजवळच्या महसूल कार्यालयातून, वंशावळ, बाकी वारसांची नोटरी केलेली ना-हरकत. नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीने एक सरळ वाट झालीय: सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस देऊन ती खात्याकडे सुपूर्द करायची. मोबदला काही मिळत नाही. पण तुमच्यासारखा पुण्यात राहणारा, आणि घर पुढे-मागे विकायचंच असेल, तर मी हीच वाट सांगेन. पुण्याला घेऊन जाऊ म्हणाल तर दुसऱ्या राज्यात नेल्यावर तीस दिवसांत तिकडच्या खात्याला कळवावं लागतं, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये बिबट्या टांगल्यावर सोसायटीतलं कोण कधी फोटो टाकेल सांगता येत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर? इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. २००३ मध्ये केंद्राने न नोंदवलेल्या वस्तू जाहीर करायला एकशे ऐंशी दिवस दिले होते. ती मुदत त्याच वर्षी संपली. नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातला स्पर्धक गळ्यातल्या वाघनखावरून अटकेत गेला आणि राज्यभर धांदल उडाली. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अशा वस्तू परत करायला तीन महिन्यांची मुदत जाहीर केली, तीही एप्रिलमध्ये संपली. आज कागदाशिवाय बिबट्याचं कातडं घरात असणं म्हणजे पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा गुन्हा: तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. शिवाय कायदा असं धरून चालतो की वस्तू तुमच्याकडे सापडली म्हणजे ती बेकायदा. नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून आधी फौजदारी वकील, मग त्यांच्यामार्फत लेखी अर्ज देऊन वस्तू खात्याच्या ताब्यात. आपण होऊन गेलेल्या माणसाकडे आणि छाप्यात सापडलेल्या माणसाकडे बघण्यात फरक पडतो, पण केस होणारच नाही अशी हमी कुणी देत असेल तर तो तुम्हाला खूश करतोय. मागच्या परसात जाळणं, मलप्रभेत सोडणं, शेजारच्या गोठ्यावर टाकणं हे प्रकार करू नका. गावात अशा गोष्टी दोन दिवसही लपत नाहीत.

सांबराच्या शिंगांबद्दल सगळ्यांना वाटतं, ती तर जंगलात गळून पडतात, त्यात काय? गळून पडलेली असोत की कवटीसकट, शिंग ही कायद्याने ट्रॉफीच आहे. नख, दात, हाड, केससुद्धा. मोरपिसांना काय ती सूट आहे.

एक सूचना तब्येतीची. जुनी कातडी सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या साबणाने कमावलेली असायची. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात बुरशी धरली की बायका झाडूने झटकतात आणि ती पांढरी पूड घरभर उडते. नगाला हात लावायचा तर हातमोजे आणि तोंडाला मास्क, आणि पोरांना त्या कातड्यावर बसवून फोटो काढणं बंद.

आता बंदुकांकडे येतो. माझा खरा विषय तोच.

परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवायचा अधिकार त्याच्याबरोबर संपतो. कपाटाला कुलूप आहे म्हणून चालत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं, आणि दोन महिने हा आधीच बराच उशीर झाला. वडिलांनी उद्याच ठाण्यात लेखी कळवावं आणि जमा करण्याची व्यवस्था करावी. बिनपरवाना हत्यार बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. ‘कूर्गात लोक बिनपरवाना बंदुका ठेवतात की’ हे मला निम्मी गिऱ्हाइकं ऐकवतात. ती सूट कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे जुन्या वतनी, जमीनधारकांना आहे, केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवलीय. खानापूरला तिचा काही संबंध नाही.

ठाण्यात की डीलरकडे? डीलर महिन्याला भाडं घेतो, ठाणं घेत नाही. तरीही चांगली बंदूक असेल तर डीलर. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत तेल कोण लावणार? पश्चिम घाटाकडचा एक पावसाळा बिनतेलाच्या नळीला पुरतो. जमा करताना पावतीवर मेकरचं नाव, बोअर, नंबर, नळीची लांबी आणि दिसणारे दोष लिहून घ्या, आणि फोटो काढा. ‘एक जुनी डीबीबीएल बंदूक’ (डीबीबीएल म्हणजे दुनळी) एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. जमा केलेलं वर्षानुवर्षं विसरूनही जाऊ नका. ठराविक मुदतीनंतर ते सरकारजमा होऊ शकतं.

बऱ्याच घरांत हे ठाऊक नसतं म्हणून ठळक सांगतो: विकण्यासाठी तुमच्या नावावर परवाना असावा लागत नाही. जमा केलेलं हत्यार कायदेशीर वारस परवानाधारक माणसाला विकू शकतो आणि पैसे घेऊ शकतो, हे त्याच कलमात आहे. परवाना निघेपर्यंत थांबा, तोवर माझ्याकडे राहू दे, मग निम्म्या भावात मीच घेतो, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

ठेवायचं असेल तर गणित असं. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं. वारसाने आली तरी दोनच. वडिलांकडे एकनळी आहेच, म्हणजे त्यांना या दोनांतलं एकच घेता येईल. दुसरं तुमच्या नावावर घ्यायचं तर २०१६ च्या नियमांत वारसांसाठी तरतूद आहे, पण तुम्ही पुण्याचे रहिवासी, अर्ज पुण्याला, पडताळणी पुण्याला. माझं स्पष्ट मत: वडिलांनी दुनळी ठेवावी, साधी एकनळी विकावी, आणि रायफलीचं काय ते तिचं बोअर पाहून ठरवावं.

त्या बोअरवरच सगळं आहे. गावातले लोक थ्री-नॉट-थ्री म्हणतात ती दहातल्या बहुतेक वेळा ईशापूरची ३१५ निघते. ती लष्कराच्या ली-एनफिल्डच्या धाटणीवरच बांधलेली आहे. बोल्टही तसाच. पण ३०३ हे प्रतिबंधित बोअर आहे आणि ३१५ नाही. नळीवर चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाजवळ, कोरलेले आकडे वाचा आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताडून बघा. खरोखर ३०३ निघाली तर साधा परवानाधारक ती घेऊच शकत नाही. प्रतिबंधित बोअरचा परवाना दिल्लीहून, गृहमंत्रालयातून येतो. तिला बाजारभाव असा नसतोच. ती जमा करून ठेवा आणि मला किंवा कुठल्याही डीलरला दाखवल्याशिवाय कुणाशी तिच्याबद्दल बोलू नका.

३१५ निघाली, तर तिच्या भावाला वरून छत आहे: नव्या ईशापूर ३१५ चा त्या दिवसाचा कारखान्याचा दर. हे कारखाने २०२१ पासून ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीखाली आहेत. डीलरकडे त्यांचा चालू दर मिळतो. जुनी ३१५ कितीही चकाचक असो, त्याच्या वर कुणी देणार नाही. मात्र ती लवकर खपते, कारण काडतूस देशात बनतं आणि मिळतं. थर्टी-ओ-सिक्सचंही तसंच. उलट ३७५ मॅग्नम किंवा जुनी ४०४ जेफ्री असेल तर हत्यार भारी, नाव भारी, पण काडतूस परदेशी, महाग आणि क्वचित. असं हत्यार हौशी माणूस घेतो, आणि असा माणूस वर्षातून एखादाच दुकानात येतो. थांबायची तयारी असेल तर चांगला भाव, घाई असेल तर ३१५ पेक्षाही कमी. काळ्या दारूच्या जुन्या एक्सप्रेस रायफली तर भिंतीवरच शोभतात, आणि त्यासुद्धा परवान्याशिवाय नाही. ‘कधीच चालू होऊ शकणार नाही’ असं हत्यार असेल तरच कायदा सूट देतो, आणि ते ठरवणं तुमच्या माझ्या हातात नाही.

इंग्रजी दुनळीची गोष्ट वेगळी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बंदूक आयात करणं बंद झालं. म्हणजे वेबली स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड यांच्या जेवढ्या बंदुका तेव्हा देशात होत्या, तेवढ्याच फिरतायत, आणि त्यांतल्या काही दरवर्षी गंजून कमी होतात. इंग्लंडमध्ये साधी बॉक्सलॉक दुनळी आज पडत्या भावात मिळते. इथे तीच हातोहात जाते. म्हणून इथेही तिकडचे दर बघून फसू नका, या वेळी उलट्या बाजूने.

पण नाव बघून भुलू नये. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या विक्रेत्याचं नाव असतं आणि आतला माल बेल्जियमचा असतो. नळ्या उतरवून खालच्या चपट्या भागावरचे प्रूफचे, म्हणजे नळी दाबाला तपासल्याचे, शिक्के बघायचे: बर्मिंगहॅम, लंडन की बेल्जियमचं लिएज, आणि ‘नायट्रो’, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूला नळी तपासल्याचा शिक्का, आहे का. नायट्रोचा शिक्का नसलेली, नळीवर लाटांसारखी नक्षी दिसणारी दमास्कस नळी आजच्या काडतुसाला चालवायचीच नाही. चेंबरची लांबीही मापायची. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचा चेंबर अडीच इंची, आणि आजची काडतुसं बहुतेक पावणेतीन इंची येतात. घुसतं म्हणून घालतात आणि मग दाब वाढून कुंदा तडकतो.

तपासणी डीलरच्या टेबलावर, तुमच्या देखत होऊ द्या. मी काय करतो ते सांगतो म्हणजे दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी लक्ष ठेवता येईल. नळ्या उतरवून हूकवर बोटाने टांगून धरायच्या आणि नखाने किंवा लाकडाच्या काडीने हलकं टिचकवायचं. घंटेसारखा खणखणीत, लांब आवाज आला तर पट्टीची झाळ शाबूत. ठक्कन बसका आवाज आला तर झाळ कुठेतरी सुटलीय, आत ओल शिरलीय, आणि तिथे आतून गंज चाललाय. मग नळ्या उजेडाकडे धरून आत बघायचं. सरळ बघून कळत नाही. नळी हळू फिरवत सावलीची रेघ नळीभर कशी सरकते ते बघायचं. रेघ जिथे मोडते तिथे पोचा. जिथे गोल कडं दिसतं तिथे कधीतरी चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार झालाय आणि नळी फुगलीय. पोचा निघतो, फुगा निघत नाही. शेवटी बंदूक जोडून, पुढचं लाकूड काढून, कुंदा काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवायच्या. टकटक लागली तर जोड ढिला झालाय. चांगला कारागीर तो बसवतो, पण भाव उतरतो.

रायफलीत बोल्ट काढून मागच्या बाजूने बघायचं. नळीच्या आतल्या आट्यांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतलं क्षार नळीत राहून गंज धरायचा, त्यामुळे बाहेरून आरशासारखी रायफल आतून देवीच्या व्रणांची निघते. तोंडाकडची कड झिजलीय का हेही बघायचं. पुढून गज घालून साफ करणाऱ्यांनी कितीतरी नळ्या घालवल्यात.

आणि विकायचं ठरलं म्हणून ‘चकाचक करून’ आणू नका. पॉलिश पेपर मारलेली, नव्याने काळी केलेली इंग्रजी बंदूक पाहिली की जाणकार गिऱ्हाईक पहिला विचार करतो, काय झाकलंय? कोरीव काम झिजतं, शिक्के पुसट होतात, आणि नंबर पुसट झाला तर पोलिसांचा संशय वेगळाच. जुनं तेल पुसा, नवं पातळ हात फिरवा, बस्स. चामड्याच्या पेटीत किंवा कॅनव्हासच्या खोळीत बंदूक मिटून ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नळीला त्याच आकाराचा गंज चढतो. पेटी मात्र जपा. मेकरची चिठ्ठी, साफसफाईचा संच आणि मूळ पेटी असेल तर भावात फरक पडतो. मोठ्या इंग्रजी कंपन्यांकडे नंबरावरून बंदूक कधी बनली याची नोंद मिळते, तीही मागवून घ्या.

नंबर. परवान्यावरचा आणि हत्यारावरचा नंबर आकडा-आकडा जुळला पाहिजे. जुन्या परवान्यांचं नूतनीकरण हाताने होत आलं, तीनाचा आठ आणि एकाचा सात कधी झाला कुणाला कळत नाही. असा फरक असेल तर विक्रीआधी दुरुस्त करून घ्या; जुने नूतनीकरणाचे शिक्के असलेलं मूळ पुस्तक यासाठी लागतं, ते जमा करताना त्याची झेरॉक्स ठेवल्याशिवाय देऊ नका. आजोबांच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे परवान्याचा ओळख क्रमांक, मिळाला होता का तेही बघा. ज्याच्या परवान्यावर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा शिक्का त्याची फाईल डीसी ऑफिसला, शहर पोलीस आयुक्तालयाचा असेल तर तिकडे.

विकायच्या वाटा दोन. डीलर स्वतः विकत घेईल, किंवा डीलरकडे ठेवून गिऱ्हाईक आलं की कमिशन कापून तुम्हाला पैसे. पहिल्यात पैसे आज मिळतात आणि कमी मिळतात. इंग्रजी दुनळीला मी दुसरी वाट सांगेन, साध्या एकनळीला पहिली. बेळगावात एक आणि हुबळी किंवा कोल्हापुरात एक, असे दोन लेखी भाव घ्या. वडिलांची एकनळी थेट ओळखीच्या परवानाधारकाला विकायची असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून नोटीस द्यायची आणि पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी बंदूक हातातून सोडायची नाही, मग घेणारा सख्खा मामा का असेना. गिऱ्हाईक चंदगड-गडहिंग्लजचं असेल तर त्याच्या परवान्याचा वैध प्रदेश कोणता लिहिलाय ते वाचा. आपल्याला सीमा फक्त टोलनाक्यावर जाणवते, पण बंदुकीसाठी ते दुसरं राज्य आहे आणि दोन्हीकडचे कागद लागतात.

भावंडांत वाटणी असेल तर वाटणीपत्रात बंदुका किमतीसकट लिहा, मुंडकी-कातडं किंमत न लिहिता फक्त ‘ताबा अमुक वारसाकडे, प्रमाणपत्र क्रमांक अमुक’ असं लिहा. गव्यापुढे पन्नास हजार लिहिलेलं वाटणीपत्र म्हणजे स्वतःच्या सहीने दिलेला पुरावा. बंदुकीचे पैसे चेकने घ्या.

राहिली काडतुसं. अशा घरात बिस्किटाच्या डब्यात ती असतातच, आणि सगळे ती विसरतात. काडतूसही परवान्यावरच असतं; बंदूक जमा झाली आणि डबा घरात राहिला तर गुन्हा घरातच राहिला. विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नाही. डबा जसाच्या तसा बंदुकीबरोबर द्या, पावतीवर बोअरप्रमाणे नग लिहून घ्या. पितळ हिरवं पडलेली आणि कागदी आवरण ओलीने फुगलेली काडतुसं वेगळी बांधा आणि डीलरला तसं सांगा, म्हणजे ‘एकदा उडवून बघू’ असं म्हणणाऱ्या कुणाच्या हातात ती जाणार नाहीत.